आप्पांचा माग

चिकोडी,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थरूप परशराम अण्णास,
नागूचा नमस्कार.

"तिला इचारलं का कुणी?" आपल्या आप्पांचं हे वाक्य तुला आठवतं का? मी सोळाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आले होते. ओसरीवर मंडळी माझं काय करायचं ते ठरवत होती, आणि आप्पा मागाच्या खड्ड्यातून, हातातला धोटा थांबवून, एवढंच बोलले. म्हणून मी शिकले, मास्तरीण झाले.

इकडे सर्व ठीक. थंडी बरीच आहे. वहिनीने दिलेले सांडगे तुझ्या अंजनीने आवडीने खाल्ले. तुझं पत्र पोचलं. अमावस्येला गाडी घेऊन येणार, लेकीला नंदगडच्या देवऋष्याकडे नेणार, तिथून थेट निपाणीला सासरी. या खेपेस गुण आला नाही तर जावई दुसरं लग्न करणार, तेही वाचलं. तुझी घाई मला कळते. बाळ गेल्यापासून पोरीने तोंड उघडलेलं नाही.

अण्णा, ती बोलली.

चार दिवस झाले. लगेच कळवलं नाही. का, ते पुढे येईलच.

आल्यापासून मी तिला शाळेतल्या मुलीसारखी विचारत होते. काय दुखतं, कोण काय बोललं. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मग माझा घसा बसला, वर्गात ओरडून आवाजच गेला. दुपारी दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. एकाएकी म्हणाली, "आत्ती, आज तू गप हाईस, म्हणून बोलते."

वर बघायचं धाडस झालं नाही. मी शेंगा सोलत राहिले.

"सगळी म्हटली, रडू नगं, दुसरं हुईल. बारशाआधी गेलं, म्हणून त्येचं नाव न्हाय म्हणत्यात. मी ठेवलंय की नाव."

कोणतं, ते मी विचारलं नाही. तिला वाटेल तेव्हा सांगेल.

पुढचं लिहायला मला चार दिवस लागले. "तूबी तसलीच, आत्ती. बा देवऋषी ठरवतोय, तू शाळा ठरवतीस." खरं होतं. तिला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला धाडायचं मी मनात पक्कं केलं होतं. आवाज नव्हता ते बरं, नाहीतर समजावत सुटले असते. हातानेच विचारलं, मग काय पाहिजे?

"आज्ज्याच्या मागावर बसायचंय. धोट्याच्या आवाजात रडलं तर कुणाला ऐकू येत न्हाय. आणि लुगडं तर हुईल!"

हसलीसुद्धा, अण्णा.

आपल्या घरात बाईने सुताच्या कांड्या भरायच्या, मागावर बसायचं नाही, हे मला ठाऊक आहे. वडगावपर्यंतचे विणकर हसतील. जावई काय करील, सांगता येत नाही. देवऋषी गाठतोस तोही पोरीवर जीव आहे म्हणूनच. आणि ती बरी झाली असं मी म्हणत नाही. काल पुन्हा दिवसभर गप्प होती. मी काही विचारलं नाही, जवळ बसले.

तू "न्हाय" म्हणशील, तुझा चेहरा आत्ताच दिसतोय. तरी मागते. अमावस्येला ये, पण नंदगडचं ठरवून येऊ नकोस. ती बोलेपर्यंत तिच्याशेजारी बैस. आणि घरून निघण्याआधी, आप्पा गेल्यावर त्यांच्या मागाच्या खड्ड्यावर टाकलेल्या फळ्या काढून ठेव.

जिला एकदा विचारलं होतं, ती तुझी बहीण,
नागू