लग्नाआधी शिंकायचं नाही

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शिंक आली. एकच! पण आईनं भाकरी थापता थापता माझ्याकडं असं बघितलं, जसं मी मांडवालाच काडी लावली.

"शिंकलीस?"

"धूर गेला नाकात."

"चुलीचा धूर आजच जाऊन राहिला व्हय नाकात!"

लग्न बारा डिसेंबरला. कळमनुरीचं कार्यालय ठरलंय, पत्रिका छापायला गेल्यात. आणि थंडी पडली की ही सत्यशीला आजारी पडते, हे आमच्या शेळ्यांना पण ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात तीन आठवडे खोकत होते. नेमके तेव्हाच परभणीकडचे पाहुणे मला बघायला आले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि अशी उबळ आली की कप बशीत नाचायला लागले! दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'पोरगी नाजूक दिसती, पुढं बघू.' नाजूक! नरसीत माझं शिलाईचं दुकान आहे, दिवस दिवस मशीनवर असते मी.

आईचा हुकूम — लग्न होईस्तोवर शिंकायचं नाही. आणि वारंगा फाट्याच्या सासरच्यांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

१९ नोव्हेंबर

काढा. तुळस, आलं, गवती चहा, मिरे, गूळ. बरा लागला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बरा लागला असं कशाला लिहिलं!

गल्लीत बातमी फुटली. शेजारची काकू म्हणाली मिरे दुप्पट कर. दुसरी म्हणाली लवंगा घाल. माझी मैत्रीण पुजा तांड्यावरून येते दुकानात हातशिलाईला — तिच्या आजीनं ओल्या हळदीचे तुकडे धाडले, शेळीच्या दुधात उकळून घ्यायला. ते मात्र छान लागलं. आणि कुणाच्या तरी मोबाइलवर आलं की कांद्याची चकती मोज्यात घालून झोपायचं. आईनं तेही केलं. पायाला झुणक्याचा वास!

शेवट काय, तोंड आलं. भाकरीचा घास गिळता येईना. दादांनी, माझ्या वडलांनी, काढ्याच्या पातेल्यात डोकावून आईला विचारलं.

"पंचफुला, पोरगी नांदायला धाडायची का लोणच्यात मुरवायची?"

आई हसली नाही. मी हसले, तर जीभ भाजल्यासारखी झाली.

दादा म्हणाले, "उद्यापासून माझ्यासंगं मेंढरामागं चल. जरा ऊन खा. दुकानात बसून बसून भुईमुगाच्या कोंबावानी पिवळी पडली."

२२ नोव्हेंबर

चालले! दुकान उघडायच्या आधी थेट माळापर्यंत. तुरीला फुलं आलीत. एक कोकरू कळप सोडून हरभऱ्यात घुसलं, त्याच्यामागं पळाले — ओढणी एकीकडं, चप्पल दुसरीकडं. धरलं एकदाचं! दादा लांबून ओरडले, "अगं, त्याला तू धरलं का त्यानं तुला?"

घाम आला. कोवळ्या उन्हात बांधावर बसून शिळी भाकर न् तिळाची चटणी खाल्ली. इतकी भूक मला कधी लागलेली आठवत नाही.

आणि झोप! ताटावरच डुलक्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार

प्रभूचा फोन! साखरपुड्यानंतर पहिलाच. फाट्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे त्याचं, मागं ठोकाठोकी चालू होती.

"जेवल्या का?"

"व्हय."

"काय जेवल्या?"

"भाकर, मेथी, जवसाची चटणी."

"दही?"

"न्हाई."

"काहून?"

काय सांगू? आईनं थंडीत दही बंद केलंय म्हणून? म्हणाले, "आवडत न्हाई." नवऱ्याशी पहिलं खोटं बोलले, तेही दह्यावरून! दही म्हणजे माझा जीव.

तो म्हणाला, "मी सध्या कच्चा लसूण खाऊन राहिलो. फाट्यावर जो तो खोकून राहिला. आत्या म्हनली, नवरदेवच आडवा पडला तर अक्षदा कुनावर टाकायच्या?"

आत्या म्हणजे भिकाबाई. प्रभूची आई तो लहान असतानाच गेली, आत्यानंच वाढवलं. त्या घरात तिचाच शब्द चालतो. साखरपुड्यात तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं होतं, बोलली काहीच नाही.

मी म्हटलं, "लसणाचा वास येत असंल."

"लग्नापर्यंतच खातो. मंग सोडतो."

फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला तो काय बोलला ते! कान तापले. ताप नव्हे!!

२८ नोव्हेंबर

दुकानासमोर छोटा टेम्पो थांबला. मी पिको करून राहिले होते. मान वर केली तोवर पायरीवर पिशवी ठेवून प्रभू परत टेम्पोत चढला पण! पाणबुडी मोटार पोचवायला नरसीत आला होता म्हणे. पुजा पळत गेली, "अहो भावजी, चहा तरी घ्या!" तर म्हणे, "न्हाई न्हाई, लोक बघून राहिले."

पिशवीत पेरू. पिवळे, आतून लाल. आणि वरती दोन मुठी आवळे.

संध्याकाळी फोनवर विचारलं, पेरूच काहून?

"थंडीत चांगले असते. सर्दी होत न्हाई. आत्यानं सांगितलं."

आत्यानं काहून सांगितलं? तिला कुणी काही बोललं का?

आई म्हणाली, "खा गुमान."

खाल्ले. तीन. मीठ लावून.

१ डिसेंबर, रविवार

लग्नसराई. ब्लाउजचा ढीग पडलाय. दरवर्षी या दिवसांत बारा-एक वाजेपर्यंत मशीन मारते आणि सकाळी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. पुजा आज म्हणाली, "शीला, तू पडतीस ती थंडीनं न्हाई, जागून जागून पडतीस." असेलही. आईचा काढा, पुजाच्या आजीची हळद, सगळं केलं मी इतकी वर्षं. झोप तेवढी केली नाही.

नवे ब्लाउज घेणं बंद केलं. दुकान आठाला बंद म्हणजे बंद. एक बाई रागावून गेली. जाऊ दे.

सकाळी माळ, दुपारी पेरू, संध्याकाळी फोन. पुजा म्हणते गालावर तेज आलंय. आरशात बघितलं. खरंच आलंय की!

४ डिसेंबर

प्रभू आज विचारतो, "तुमाला कशाची भीती वाटते?" मी म्हटलं, "सापाची." खरं सांगायचं ओठावर आलं होतं — हिवाळ्याची.

नाही सांगितलं.

मग त्यानं सांगितलं, त्याला वरातीच्या घोड्याची भीती वाटते. मेंढरांत वाढलेला माणूस घोड्याला भितो! इतकं हसले की आईनं दार उघडून बघितलं. हसण्यानं अंगात बळ येत असेल तर मी आता बैल उचलेन.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे, पातीचा कांदा. तळी उचलली. घर माणसांनी भरलं. भंडाऱ्यानं सगळे पिवळे — दादांच्या मिशा तर हळकुंडासारख्या!

ताई आली, रुद्रला घेऊन. दोन वर्षांचं लेकरू, नाक वाहून राहिलेलं, अंग कोमट. आई डोळ्यांनी मला खुणावते — लांब हो. मी झाले लांब. तर ते दुडूदुडू चालत आलं, "मावची" म्हणालं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपलं.

काय करणार होते? ढकलणार होते का?

हाताला त्याचा गरम श्वास लागत होता. दुपारभर उठले नाही.

९ डिसेंबर, सोमवार

अंग ठणकतंय. थंडी वाजून राहिली. आईला अजून बोलले नाही.

१० डिसेंबर

ताप. भरपूर. कळमनुरीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "म्याडम, सगळं केलं हो! काढा केला, हळद केली, आवळे केले — न् शनिवारी हिनं तापलेलं लेकरू मांडीवर घेतलं!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "काढ्यानं फ्लू दारातच थांबत नसतो, मावशी. तापलेलं लेकरू मांडीवर घेतल्यावर कुणालाही होईल. पण झोप, जेवण, ऊन, चालणं हे केलंय ना? ते वाया जात नाही. अंग लढतं. फक्त आता तिला पडू द्या." गोळ्या दिल्या. वेगळी खोली, तोंडाला मास्क, गरम पातळ खायला, पाणी भरपूर. आणि दम लागला तर लगेच या म्हणाल्या.

"परवा लग्न आहे," दादा म्हणाले.

"परवा नाही," बाई म्हणाल्या. "चारशे माणसांत हिला उभं करू नका. हिच्यासाठी बरं नाही आणि त्यांच्यासाठीही नाही."

येताना गाडीत आई म्हणाली, "पाय घसरला असं सांगू."

मी म्हटलं, "न्हाई. मीच सांगते."

फोन लावला. सगळं सांगितलं. ताप, दरवर्षीचं पडणं, परभणीचे पाहुणे. दह्याचंही सांगितलं. तिकडं ठोकाठोकी थांबली. मग म्हणाला, "बरं. आत्याला सांगतो." आणि फोन बंद.

११ डिसेंबर

वारंग्याहून दादांना निरोप आला — आज-उद्या काही नको. पुढं बघू.

पुढं बघू. हे शब्द मी ऐकलेत आधी.

त्याचा फोन नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस. साडी कपाटात आहे. खिडकीतून आई ज्वारीची पेज देते, डोळे सुजलेत तिचे.

फोन नाही.

नंतर — आला! आत्ता आला! आवाज ओळखूच येईना, पार बसलेला. मी म्हटलं, "तुमाला पण झाला का फ्लू?"

"न्हाई. ओरडून ओरडून झालं. दोन दिवस मोटारसायकलवर गावोगाव निरोप देत फिरून राहिलो. कार्यालयवाला, ब्यांडवाला, आचारी, समदे पावने. मोबाइल तर पहिल्याच दिवशी बंद पडला. आत्ता घरी आलो, चार्जिंगला लावला न् पहिला फोन तुला."

तुला!

"तू जेवलीस का?" तो म्हणाला.

मला रडू आलं. तो घाबरला. "काहून रडून राहिली? लई दुखून राहिलं का?" मी म्हटलं, नाही, नाही, नाही. काय सांगू त्याला, एका 'तू'नं काय झालं ते!

"आणि काल ते 'पुढं बघू' म्हनलं ते?"

"मंग काय म्हनावं? भटजी बसल्याबिगर तारीख कोन सांगनार?"

एवढंच होतं!

"दरवर्षीचं आदीच सांगायचं होतं की," तो म्हणाला. "मी लसूण खात आखी थंडी काढली असती."

१४ डिसेंबर, शनिवार

ताप गेला. काल रात्रीपासून नाही. खोकला थोडा. आई हात लावून लावून बघते. मागच्या वर्षी तीन आठवडे गेले होते, या वर्षी पाच दिवस! दादा म्हणतात मेंढरांचं श्रेय. पुजाची आजी म्हणते हळदीचं. आई म्हणते काढ्याचं. मी कुणाशी भांडत नाही. सगळ्यांना हो म्हणते आणि परत झोपते.

भरीत मागितलं. वाटीभर दही पण. आईनं दिलं!

१६ डिसेंबर

आज अंगणात उन्हात बसले. पुजानं केस विंचरून दिले.

तारीख वैशाखातली निघेल म्हणतात. मोठे पाहुणे, कार्यालय, सगळं परत जमायला हवं. प्रभू म्हणाला, "मंग तवर रोज फोन." मी म्हटलं, "रोज." वाईट वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही. वैशाखापर्यंतचे फोन मोजून बघितले, आणि खुशाल हसत बसले.

भिकाबाई मात्र अजून काही बोललेली नाही. तेवढं एक टोचतंय.

१९ डिसेंबर, गुरुवार

लग्न उद्या! उद्या!!

काल भिकाबाई एकटीच बसनं आली. माझ्याजवळ बसली, कपाळाला हात लावला, माझ्यासमोर भाकर वाढायला लावली आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत बघत राहिली. मग दादांना म्हणाली, "वैशाखापतुर मी काहून थांबू? घरचे चार न् तुमचे चार. हितंच, अंगनात, उन्हात. माझ्या घरात मला माणूस पाहिजे, कार्यालय न्हाई पाहिजे."

जाता जाता माझ्या कानात म्हणाली, "खरं बोललीस ना त्याला फोनवर — तवाच मी ठरवलं."

डाव्या हाताची मेंदी झाली. पुजा उजव्या हाताची वाट बघून राहिली. पेन ठेवते.