पिठाला टाचणी लागत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी सोळा तारखेला, रविवारी येणार. म्हणजे ह्यांची मुलगी. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं, तरी ती मला अजून ‘तुम्ही’च म्हणते. बोलते गोड, त्यात खोट नाही. पण कुरिअरवाल्याशी बोलावं तसं – “तुम्ही ठेवा तिथे, मी घेते.” स्वतःच्या आईला, ती होती तेव्हा, तू म्हणायची. मला एकदा तरी तसं म्हणावं, एवढीच हाव आहे.

ह्यांना विचारलं, तिला काय आवडतं? “उकडीचे मोदक. तिची आई करायची.” आणि पेपरात तोंड घातलं.

ठरलं. मोदक. जन्मभर ब्लाउज आणि कुर्ते शिवले, मला काय अवघड!

५ फेब्रुवारी

अवघड आहे.

खालच्या काकूंना जिन्यात विचारलं, तर म्हणाल्या, “काही नाही गं, पारी करायची, सारण भरायचं, कळ्या घालायच्या.” आता आमच्या धंद्यात कळी म्हणजे कुर्त्याचा घेर वाढवायला जोडतात तो तिरका तुकडा. मी उकडीच्या पारीतून तसे तुकडे कापले आणि एकाला एक जोडत बसले. कापड असतं तर टाचणी लावली असती. पिठाला कुठे लावू? गूळ-खोबरं कोपरापर्यंत आलं.

हे म्हणाले, “काय आहे हे?” म्हटलं, “तुमचं नशीब.” चमचा घेऊन आले आणि सगळं संपवलं. माणूस गुणी आहे.

८ फेब्रुवारी

काकूंना शरण गेले. त्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, गळ्यात शिट्टी नाही, एवढाच काय तो फरक पडलाय. मी माझ्या ‘कळ्या’ दाखवल्या. काकू स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं, मोदकाला कुर्ता शिवतेस की काय?”

कळी म्हणजे नुसती चिमूट. कडेला चिमटीने दुमडत जायचं, मग सगळ्या वर गोळा करायच्या. म्हणजे चुण्याच की! आधी सांगायचं ना.

“खांदे सैल सोड. उकड गरम असतानाच मळ. भाजतंय? भाजू दे. पारी कडेला पातळ, मधे जाड. पुन्हा!”

एक उभा राहिला. जरा कलला होता, पण राहिला.

११ फेब्रुवारी

दुकानात गिऱ्हाईक ओरडलं. ब्लाउजच्या बाहीला तुपाचा डाग.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या येणार. तिच्या आईच्या मोदकांपुढे माझे काय टिकणार? ह्यांना विचारलं, कसे असायचे तिचे? “असायचे आपले.” याचा माणसाने काय अर्थ लावायचा!

१६ फेब्रुवारी, रविवार

आली. मोदक असे रांगेत ताठ उभे राहिले की काकूंनी कवायत घ्यावी. एकच फुटला, गूळ भळभळा बाहेर. तो वाटीत घालून ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवला.

ती पाणी प्यायला आत आली आणि नेमकं तेच झाकण उचललं.

“राहू दे गं, तो फुटलाय.”

ती हसायला लागली. हसता हसता रडायलाच लागली. “आईचे सगळेच असे व्हायचे. एकही धड उभा राहायचा नाही. आम्ही चमच्याने खायचो.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपरात.

तिने तो फुटका उभ्यानेच खाल्ला. मग चांगलेही खाल्ले, छान झालेत म्हणाली. उरलेले डब्यात भरून दिले. जाताना म्हणाली, “येते, तब्येत सांभाळा.”

सांभाळा. म्हणजे तुम्हीच. फार वाईट वाटलं. ओटा दोनदा पुसला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी तिचा फोन. हॅलो नाही, काही नाही. “अगं, माझ्या उकडीला चिरा पडतायत! तू पाणी किती घालतेस?”

मला प्रमाणच आठवेना. म्हटलं, “ये इकडेच. दोघी मिळून फोडू.”