पणतीला कासव म्हणायचं?

हागी, मुळे वाळत घालायचे दिवस

तीर्थरूप त्सुरुताईस,

कामेचा नमस्कार. थंडी पडली, तुझे गुडघे कसे आहेत, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. (माझे तू कधीच विचारत नाहीस.)

योसुकेला मुलगी झाली, म्हणजे मला पणती. फार आधीच आली (ही घाई आईकडची) आणि इस्पितळात काचेच्या पेटीत आहे. तोळाभर जीव. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, तेव्हापासून मला झोप नाही. घरात मात्र सगळ्यांना काळजी नावाची! सातव्या रात्री नाव कागदावर लिहून देवघराखाली लावायचं, आणि अक्षर माझं बरं म्हणून कुंचला माझ्या हातात. पण लिहायचं काय? हल्लीची नावं ऐकलीस तर कपाळाला हात लावशील. समुद्र, आकाश, प्रेम, सगळं एकाच पोरीत कोंबलेलं. आमचे व्याही किताजिमा (निवृत्त मुख्याध्यापक; शाळा सुटली, छडी सुटली नाही) अक्षरातले फटकारे मोजून भविष्य सांगतात. स्वतःच्या मुलीचं, आमच्या मिवाचं, नाव त्यांनी असंच मोजूनमापून ठेवलं, आणि तिला नवरा मिळाला आमचा योसुके. यावरून त्या विद्येची किंमत ओळख.

तर लाल चवळीचा भात झाला, अख्खा मासा भाजून झाला, आणि मिवा म्हणाली, "आजी, तुमचंच नाव लिहा."

"कामे? म्हणजे कासव?" मी म्हटलं. "त्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुम्ही एवढी आजारपणं पचवलीत, आजी. तिलाही टिकायचंय."

व्याह्यांनी लगेच बोटांवर मोजून सांगितलं, या नावाची बाई हट्टी निघते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कुंचला खाली ठेवला आणि मासा खाल्ला. कागद कोराच राहिला.

तुला काय कळणार म्हणा! आईबाबांनी त्सुरु नाव ठेवून तुला करकोचा केलं: हजार वर्षं आयुष्य आणि वर ती ऐटदार मान. मला दहा हजार वर्षं, पण पाठीवर ढाल. शाळेत शर्यतीत पहिली आले तर मास्तर म्हणाले, "ससा झोपला होता वाटतं!" माझ्या लग्नाच्या किमोनोवरसुद्धा करकोचेच होते. अंगावर कासवं मिरवते का कुणी? माझ्या पणतीनं हे सोसायचं नाही, एवढंच मला कळतं.

तुझी धाकटी बहीण,
कामे

ता. क. : पत्र टाकायच्या आधी इस्पितळात जाऊन आले. आत फक्त आईबापांना सोडतात. मी दाराशी बसून राहिले, शेवटी इस्पितळवालेच कंटाळले आणि मला आत सोडलं. पेटीच्या भोकातून बोट आत घातलं, तर पोरीनं धरलं ते सोडेचना. नर्स म्हणाली, "भारी हट्टी आहे हो!" घरी आले आणि लिहून टाकलं: कामे. अक्षर जरा हललंय. शाई वाईट होती.

ता. क. दुसरा : नुसत्या कासवावर माझा भरवसा नाही, ताई. गुडघे राहू देत, मिळेल त्या गाडीनं ये. माझी वर्षं तिला देऊन झाली. तुझी हजार घेऊन ये.