माय, मी गुडघे उघडून बसायला शिकले

माय, तुझी लेक या वयात पैलवानकी करून राह्यली आहे. हसू नको. मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. तुला लिहिता येत नव्हतं, मला येत नाही, या पोरीवर येऊन ते एकदाचं थांबलं. मी "काऊन" म्हटलं की ही "का" लिहिते. म्हणते, आजी, कागदावर जरा नीट बोलावं लागतं. तूही मला जन्मभर नीट बोल, नीट बस म्हणतच होतीस. आज त्या बसण्याबद्दलच सांगायचं आहे.

ही पोर आदिलाबादला कॉलेजात वजन उचलते. सुट्टीत घरी आली ती एक लांब लोखंडी रॉड आणि त्याच्या टोकांना अडकवायच्या जाड चकत्या घेऊन. गोठ्यात ते सगळं मांडलेलं पाहून मला वाटलं, बंडीचा आख आणला, बंडी मागून येत असेल. बंडी काही आली नाही. सकाळी पाहते तर पोर तो आख खांद्यावर घेऊन खाली बसते आहे, वर उठते आहे, पुन्हा बसते आहे. म्हटलं, "काऊन वं, कोनं शिक्षा देली तुले?" म्हणाली, "शिक्षा नाही आजी, स्क्वाट हाय." म्हणजे शाळेत मास्तर उठाबशा काढायला लावतात तेच, फक्त वजन घेऊन, आणि काही चुकलं नसताना काढायच्या. मी शाळेत गेलेच नाही, त्यामुळं माझ्या वाटच्या उठाबशा शिल्लकच होत्या.

पण मी ते उभ्यानंच पाहत होते, आणि तेच तर दुखणं होतं. वर्ष झालं असेल, मी खाली बसले की उठायला कोणीतरी हात द्यावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, मांड्यांत ताकद उरली नाही. खुर्चीवर बसून भाकर खाल्ली, तेही सोसलं. पण कापसाची पहिली वेचणी लागण्याआधी आपण सीतादही करतो ना, वावरात बसून, झाडाच्या बुडाशी हळदकुंकू वाहून, दहीभाताचा घास ठेवून? घरातल्या मोठ्या बाईचा तो मान. मागच्या साली सून बसली आणि मी बाजूला बुजगावण्यासारखी उभी. सून बिचारी प्रत्येक गोष्ट मला विचारून करत होती, त्यानं जास्तच लागलं. नातीला म्हटलं, "मले शिकव. औंदा सीतादहीले मीच बसीन, अन् कोनाचा हात न धरता उठीन." तिनं आधी डॉक्टरला फोन करून विचारलं, मग हो म्हणाली.

पहिले काही दिवस रॉडला हातही लावू दिला नाही. बाज मागं ठेवली आणि म्हणाली, बाजेवर बसायला जातेस तसं बूड आधी मागं ने. पाय खांद्याइतके फाकव, पंजे जरा बाहेर वळव, टाच उचलू नको, छाती वर, नजर समोर. इतकं सगळं एका बसण्याला! मी म्हटलं, लग्नात बोहल्यावर बसले तेव्हाही इतकं कोणी सांगितलं नव्हतं. तरी सगळं जमत गेलं, एक सोडून. खाली जाता जाता माझे गुडघे आत वळायचे, एकमेकांना चिकटायचे. "आजी, गुडघे बाहेर! पंजा जिकडं, गुडघा तिकडं!" पोर ओरडायची. मी बाहेर काढले की ते आपोआप आत.

कारण ते गुडघे तुझे आहेत, माय. मी चुलीसमोर तुरीच्या शेंगा सोलत बसले आहे, गुडघे दोन दिशांना, तोंडात शेंग. तू फुंकणी उचलतेस आणि गुडघ्यावर टाणकन मारतेस. "मीट ते गुडघे! पोरीची जात हाय का बेंडकाची?" ती फुंकणी थंड होती की गरम, ते आठवत नाही, आवाज आठवतो. तेव्हापासून मी मिटून बसले, मिटून उठले, पाच लेकरांची आई झाले तरी मिटूनच. नातीला हे सांगितलं तर ती हसून हसून चाऱ्यावर आडवी झाली. मग माझ्याच जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, गुडघ्यांच्या जरा वर दोन्ही मांड्यांभोवती बांधली आणि म्हणाली, "आता ही पट्टी ताणून धर. सैल पडली की समज, पणजीनं फुंकणी मारली."

जमू लागलं. एक दिवस निम्मी खाली गेलेली असताना मुलगा कडबा न्यायला आत आला. पुरुष माणूस पाहिल्याबरोबर गुडघे खटकन मिटले आणि मी कडब्यात जाऊन पडले. तो घाबरला, "माय, लागलं का वं? कोनं सांगतलं हे धंदे?" मी पडल्या पडल्या म्हटलं, "तू बाहेर हो आधी. तुह्यामुळंच पडली."

त्या रात्री तू वेगळी आठवलीस. कासोटा घालून वावरात, कापसाचं गाठोडं उचलायला बसलेली, गुडघे चांगले रुंद फाकलेले, पाठ ताठ. तिथं तुला कोणी बेंडूक म्हणत नव्हतं. तुझा नियम चुलीपुरता होता, सासऱ्या-दिरांच्या घरापुरता. मीच तो वावरातही घेऊन फिरले. रागावत नाही. तू घरातही तशी बसू शकली असतीस तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं.

शेवटी रॉड मिळाला, चकत्यांशिवाय. तो मानेच्या हाडावर नाही, खाली पाठीच्या मांसावर ठेवायचा. पोट भरून दम घ्यायचा, कोंडून खाली जायचं, पायानं जमीन दाबत वर यायचं, मग दम सोडायचा. उठताना "माय वं" म्हणायची मला सवय. पोर म्हणे, "तिले हाक मारली का दम सुटते." म्हणून तुला हाक न मारता उठायला शिकले. तिचे तेलुगू सर "पैकी, पैकी" म्हणतात, म्हणजे वर, वर. ती मला तेच ओरडायची आणि गोठ्यातली म्हैस माझ्याकडे पाहत राहायची.

परवा सीतादही झाली. सून, मुलगा, वेचणाऱ्या बाया, सगळे गोल उभे. मी पाय फाकवले, बूड मागं नेलं आणि बसले. हळदकुंकू वाहिलं, घास ठेवला. मुलाचा हात पुढं आला, नातीनं तो मागं ओढला. दम कोंडला, जमीन दाबली आणि उभी राहिले. बायांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, "आजी तं पोट्टीवानी उठली!" सुनेच्या डोळ्यात पाणी, मी तिला म्हटलं, "रडू नको, पुढच्या सालीबी तुह्या नंबर नाही."

सगळे वेचणीला वळले तर मी म्हटलं, "थांबा, त्या झाडाले कुंकू लावाचं राह्यलं." परत बसले, परत उठले. कुंकू काही राहिलं नव्हतं, माय. उठायची मजा येत होती, म्हणून देवीच्या कामात खोटं बोलले. नात विचारते, पाकिटावर पत्ता काय लिहू. म्हटलं, राहू दे, हे पाठवायचं नाही. तिकडं वर तुला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागेल, आणि तुझ्या शेजारी माझी सासू बसलेली असणार.