कॅमेऱ्यापुढची वलांडी

पाचूबंदर, ४ डिसेंबर

चि. नेल्सन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर भिंतीपलीकडे ऐकू जातं, म्हणून तिकडे मासे विकायला येणाऱ्या अँजेलिनाच्या हाती ही चिठ्ठी देते. कोळंबीचा वास येईल, नाक मुरडू नकोस. एव्हरशाईन सिटीचा साहेब झालास ना!

काल संध्याकाळी जेट्टीवर रोनाल्डने आपल्या शेजारच्या केनीला वल्ह्याने मारलं. बोटींतलं डिझेल रोनाल्डच चोरतो, असं केनी मासळीच्या लिलावात सगळ्यांसमोर बोलला होता. मी बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढत होते, सगळं पाहिलं. केनी हॉस्पिटलात आहे, अजून शुद्ध नाही. मी कुणापाशी बोलले नाही. काय करू रे बाबा?

तुझी ताई, मॅग्डलीन

एव्हरशाईन सिटी, ५ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचली. तू अजिबात तोंड उघडू नकोस. एकटी राहतेस, आणि रोनाल्ड कसला माणूस आहे ते मला ठाऊक आहे. गुन्हे रोखायला सरकारचा निधी आला, त्यातून जेट्टीवर कॅमेरा बसावा म्हणून मी वर्षभर अर्ज घेऊन हिंडलो, तो कशासाठी? साक्षीला माणूस उभा राहायला नको म्हणूनच ना? कॅमेऱ्याने पाहिलंय. तू आपली रोझरी कर आणि दार लावून घे.

लोभ आहे तो वाढव.

तुझा नेल्सन

पाचूबंदर, ८ डिसेंबर

चि. नेल्सन यास आशीर्वाद.

चौकीतल्या साहेबांनी रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात नुसते बोंबील! कॅमेरा आल्यापासून आम्ही बाया वलांडी त्याच्यापुढेच बांधतो. सरकारची फुकट राखण, बोंबलांना कोण हात लावतो, म्हणून. कर्म आमचं! रोनाल्ड कुठेच दिसत नाही. दिसते ती मी, वलांडीपाशी, तोंडावर हात ठेवून समोर बघत उभी.

ते रेकॉर्डिंग साहेबांनी चार जणांना दाखवलं, म्हणजे गावाला कळलं. आज रोनाल्ड दारात आला. ओरडला नाही. मावशीला एकटीला भीती नाही ना वाटत, एवढं विचारून गेला.

वाटते रे. पण गप्प बसले तरी तो मला सोडायचा नाही, आणि केनी अजून शुद्धीवर नाही, त्याची बायको माझ्याकडे नुसती बघते. उद्या सकाळी चौकीत जबाब द्यायला जाते.

तुझा लोभ आहेच. या वेळी नुसत्या लोभावर भागणार नाही, तू स्वतः ये.

तुझी ताई, मॅग्डलीन