अकरा ते तीनच्या मधे

सोमवार, ७ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. बायको माहेरी गेली आहे, घरात माझं ऐकून घेणारं कोणी नाही. ती असतानाही नव्हतं, पण निदान समोर माणूस तरी असायचं.

भांडण बाथरूमच्या गळक्या नळावरून. मी फ्रीज मेकॅनिक. एवढी मोठी मशीन उघडतो तिथे नळाचं काय, म्हणून परवा पाना लावला. नळाचं तोंडच हातात आलं. मेन कॉक बंद करावा लागला, घरात आता थेंब नाही. बायको म्हणाली, नळ नीट झाला की येईन, आणि तोही तुम्ही हात न लावता. जाताना स्वतःची किल्लीही टेबलावर ठेवून गेली. दोन दिवसांत मला करमेनासं झालंय. हे फक्त इथेच लिहितोय.

प्लंबरला फोन केला. उद्या अकरा ते तीनच्या मधे येतो म्हणाला. सुटलो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
प्लॅन: सकाळी गिऱ्हाइकाचा फ्रीज उघडायचा, पार्ट आणतो सांगून सटकायचं, घरी नळ करून घ्यायचा, परत जायचं. कोणाचं काही बिघडत नाही.

तसंच केलं. फ्रीज एका बाईंचा. मागचं कव्हर काढून सगळे स्क्रू वाटीत ठेवले. स्क्रू बाहेर असले की गिऱ्हाईक दुसऱ्या मेकॅनिकला बोलवत नाही. अनुभव. बाई म्हणाल्या, आत दूध आहे. म्हटलं, हा आलोच.

घरी चारपर्यंत बसलो. प्लंबर नाही. दुसऱ्या कामावर अडकलो म्हणे, उद्या त्याच वेळेत येतो. दिलेल्या शब्दाची काही चाडच नाही या लोकांना. या सगळ्यात बाईंकडे परत जायचं राहूनच गेलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर
बाईंना फोन करून सांगितलं, अकरा ते तीनच्या मधे येतो. त्या म्हणाल्या, आमचे हे काम बुडवून तुमच्यासाठी घरी थांबलेत. कमाल आहे. एका फ्रीजसाठी कामाला दांडी मारणारी माणसं असतात जगात.

मी साडेदहालाच घरी.

दुपारी २. प्लंबर नाही. फोन केला. म्हणाला, फ्रीजवाल्याची वाट बघत घरी अडकलोय, फ्रीज उघडा टाकून पळालाय, दूध नासलं. मनापासून वाईट वाटलं. असल्या एक-दोघांमुळे आमचा अख्खा धंदा बदनाम होतो. मीच जाऊन बघितला असता, पण कामाच्या वेळात मी बाहेरची कामं घेत नाही. त्याला म्हटलं, गप्प बसू नका, लेखी तक्रार ठोका. त्याने आभार मानले. माणूस तसा बरा वाटला.

गुरुवार, १० ऑक्टोबर
माझ्याविरुद्ध कंपनीत लेखी तक्रार. भाषा फार लागट. बाईंना कोणीतरी पढवलेलं दिसतंय. साहेब म्हणाले, उद्या मी स्वतः तुझ्याबरोबर येतो. फ्रीज चालू व्हायच्या आत जागचा हललास तर नोकरी गेली समज.

संध्याकाळी प्लंबरचा फोन. तक्रारीचा उपयोग झाला, आता उद्या मी मोकळा, तुमच्याकडे नक्की येतो म्हणाला. आपल्या सल्ल्याने कोणाचं तरी भलं झालं, बरं वाटलं.

मग बायकोला फोन. म्हटलं, उद्या नळ शंभर टक्के. ती जरा मऊ झाली. नीट जेवता ना, म्हणून विचारलं. मला रडूच आलं. खोकला काढून वेळ मारून नेली.

उद्या: अर्ध्या तासात फ्रीज, साहेबांना वाटेला लावायचं, अकराच्या आत घरी.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
साहेब खुर्ची टाकून माझ्या मागे बसले. माझा फोन त्यांच्या खिशात. बाईंनी त्यांना चहा दिला, मला नाही. मी नुसतं पार्ट एवढंच म्हटलं, तर साहेबांनी बॅगेतून पार्ट काढून हातात ठेवला. दोन वाजता फ्रीज चालू झाला. एका जागी इतका वेळ सलग काम केल्याचं मला आठवत नाही. खरं सांगायचं तर छान वाटलं.

स्क्रू लावत होतो तेवढ्यात बाईंचे हे घरी आले. खांद्याला पिशवी, पिशवीत पाने. बोलायला लागले आणि मी आवाज ओळखला. मी नमस्कार म्हटलं आणि त्यांनी माझा ओळखला. मी हातातला स्क्रू परत वाटीत ठेवला.

ते माझ्याच घरून आले होते. अकरापासून कुलपासमोर उभे. तिथे म्हणे एक बाई आल्या, हातात मोठी बॅग. नळ झाला का, म्हणून विचारलं. यांनी कुलूप दाखवलं. बाई थोडा वेळ पायरीवर बसल्या, मग बॅग उचलून आल्या तशा निघून गेल्या.

संध्याकाळी ७. बायकोला फोन केला. पहिल्यापासून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तू आलीस तेव्हा मी कामावर होतो.

ती म्हणाली, निदान पटेल असं काहीतरी सांगा.