संत मरीनाच्या जत्रेत केस्केकी खारट झाल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गाव-समिती कार्यालय,
कालोनेरी, लेस्वोस बेट.

विषय : जत्रेची कढई मिर्सिनीमावशींकडेच ठेवून दोष अर्जदाराच्या नावे लावणेबाबत.
संदर्भ : कॅफेच्या दारावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

१. अर्जदार संत मरीनाच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांची सेवा करतो. यंदा जत्रेची केस्केकी, म्हणजे कुटलेला गहू व बोकडाचे मटण, तोंडात धरवेना इतकी खारट झाली. त्यावरून आपण कढई, ती आजवर रांधत आलेल्या मिर्सिनीमावशींकडून काढून शहरातल्या आचाऱ्याला देण्याचे ठरविले आहे. सबब हा अर्ज.

२. पाद्रीबाबांचा आशीर्वाद होईपर्यंत केस्केकी कोणी चाखत नाही, हे आपण जाणताच. त्यामुळे मीठ गाण्यावर पडते. आत संतिणीचे स्तोत्र तीनदा होते, आणि दर वेळी बाहेर अंगणात मावशी कढईत मिठाची एक ओंजळ सोडतात. आजवर यात चूक झालेली नाही.

३. यंदा गायक प्रोकोपिस नवा आला. सुरेल स्तोत्रापुढे अर्जदाराला तहानभूक राहत नाही, हे गावाला ठाऊक आहे. तिसऱ्यांदा स्तोत्र संपताच मी त्याच्या कानाशी लागलो, "बाबा रे, अजून एकदा. हात जोडतो." तो म्हणाला, "काका, पुढचा विधी तरी होऊ द्या!" तरी गायला. मग पुन्हा गायला. शेवटी तर डोळे मिटून मीच सुरुवात केली आणि सगळे चर्च माझ्यामागून गाऊ लागले. बाहेर ओंजळी पडतच होत्या.

४. पंगतीत कॅफेवाला पानागोस ओरडला, "मावशी, बोकड समुद्रात पोहायला नेला होता का?" सगळे हसले. महोदय, मीही हसलो. वर दोनदा केस्केकी मागून घेतली, कारण मला ती आवडली; घासाघासाला तेच सूर आठवत होते. मावशी मात्र एप्रनला हात पुसत उभ्या होत्या, मान खाली घालून.

५. काल त्यांच्या दारी जाऊन सारे कबूल केले. म्हणाल्या, "गप रे मेल्या! जास्त वेळा झालं ते मला ऐकू आलं होतं. पण आत देवाचं चाललेलं असताना मी बाहेर हात आखडता घेऊ? आणि कुणाला सांगत बसू नकोस, मेणबत्त्या काढून घेतील तुझ्याकडनं." म्हणजे मला वाचवायला त्यांनी दोष अंगावर घेऊन कढई जाऊ दिली.

६. तरी कढई मावशींना सन्मानाने परत द्यावी. पुढील जत्रेला मला चर्चबाहेर लाकडे सारायला बसवावे. जरूर तर कानांत मेण घालून बसेन.

७. मावशी कॅफेकडे फिरकत नाहीत. म्हणून हा अर्ज रविवारी चर्चमध्ये, त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचून दाखवावा. मात्र प्रोकोपिसला तो गाऊ देऊ नये. त्याने तो गायला तर गाव मला लगेच माफ करील.

आपला आज्ञाधारक आणि मावशींचा अपराधी,
इग्नातिस मालियाकास
कालोनेरी, २४ जुलै